इब्रुटिनिब चालू असताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: कोणती ठेवायची, कोणती काढायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला, तेव्हापासून ॲस्पिरिन असलेली कॅप्सूल रोज रात्री. मागच्या वर्षी सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर निघाला आणि पाच महिन्यांपासून इब्रुटिनिब ४२० मिलिग्रॅम सुरू आहे. आता हृदयाचे ठोके अनियमित झाले (एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ), म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी अपिक्साबॅन दिलं. हातांवर काळेनिळे डाग पडताहेत, प्लेटलेट ९८ हजार आहेत. मुलगी विचारते: ही तिन्ही औषधं एकत्र चालतात का? डाग पडताहेत म्हणून काही बंद करायचं का? आणि पुढच्या आठवड्यात दाढ काढायची ठरली आहे, तिचं काय?

आधी थेट उत्तर देतो. तिन्ही एकत्र चालू ठेवावी लागतात असे रुग्ण फार थोडे, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचे वडील त्यांच्यात बसत नाहीत. तिघांत सगळ्यात आधी शंका घ्यायची ती ॲस्पिरिनवर. मात्र घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. इब्रुटिनिब देणारे डॉक्टर वेगळे, अपिक्साबॅन देणारे वेगळे, ॲस्पिरिन लिहून दिलेला कागद चार वर्षांपूर्वीचा. खरी अडचण इथे आहे. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबरच लिहिलेलं असतं. सगळ्या गोळ्या एका ताटात मांडून कुणी पाहिलेल्या नसतात.

आता हे का, ते सांगतो. शेताचा बांध फुटला की आधी दगड टाकून पाणी थोपवतात आणि मग चिखल लिंपतात. रक्तवाहिनी फाटली की शरीर तेच करतं. प्लेटलेट हे दगड, रक्त गोठवणारी प्रथिनं हा चिखल. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, वॉर्फरिन, अ‍ॅसिट्रॉम ही सगळी चिखलावर काम करतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दगडांवर. इब्रुटिनिब ल्युकेमियाच्या पेशीतलं बीटीके नावाचं एन्झाइम कायमचं बंद पाडतं, पण हेच बीटीके आणि त्याचं भावंड असलेलं टेक ही दोन्ही प्लेटलेटमध्येही असतात. वाहिनी फाटून आतलं कोलॅजन उघडं पडलं की ते ओळखून चिकटण्याचा इशारा त्यांच्यामार्फत जातो. इब्रुटिनिबने तो इशारा क्षीण होतो. म्हणजे कुणी ‘रक्त पातळ करणारी’ म्हणून दिली नसली तरी इब्रुटिनिब ही रक्त पातळ करणारी गोळीच आहे, असं धरून चाला.

प्लेटलेटला केंद्रक नसतं. एकदा तिचं एन्झाइम अडकलं की नवीन बनवण्याची सोय तिच्यात नाही. ती प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहणार. आयुष्य सात ते दहा दिवसांचं. औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, परिणाम मात्र नव्या प्लेटलेट पुरेशा येईपर्यंत रेंगाळतो. म्हणूनच ९८ हजार हा आकडा पाहून फार निश्चिंत होऊ नका आणि घाबरूही नका. तो किती प्लेटलेट आहेत एवढंच सांगतो, त्यातल्या किती कामाच्या आहेत ते सांगत नाही.

इब्रुटिनिबच्या अमेरिकी माहितीपत्रकात २,८३८ रुग्णांच्या चाचण्यांचा एकत्रित हिशोब दिला आहे. सोबत दुसरं काही नसताना मोठा रक्तस्राव ३.१ टक्के रुग्णांत झाला. प्लेटलेटवरचं औषध जोडीला आलं की ४.४ टक्के, आणि अपिक्साबॅन-वॉर्फरिनच्या जातीचं औषध आलं की ६.१ टक्के. किरकोळ डाग-ओरखडे धरून कुठलाही रक्तस्राव मोजला तर १०० पैकी सुमारे ३९ जणांना तो होतो. हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवावं की चाचण्यांमध्ये निवडून घेतलेली माणसं असतात. क्रिएटिनिन वाढलेले (म्हणजे मूत्रपिंड थकलेले), वारंवार पडणारे, पाच डॉक्टरांच्या पंधरा गोळ्या घेणारे आजोबा तिथे सहसा नसतात. ते आमच्या ओपीडीत असतात. तरीही सहा टक्के म्हणजे शंभरातल्या चौऱ्याण्णवांना मोठा रक्तस्राव झाला नाही, हेही खरं. एवढ्यासाठी ‘हे दोन एकत्र कधीच नको’ असं मी म्हणत नाही.

मग प्रत्येक गोळीला आजचं कारण विचारू.

इब्रुटिनिबचं कारण उघड आहे. अपिक्साबॅनचं कारण पक्षाघात टाळणं. ठोके अनियमित असले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. हा धोका मोजायला चॅड्स-व्हॅस्क नावाची गुणपद्धत आहे: ६५ ते ७४ वयाला एक गुण, रक्तदाबाला एक, हृदयाच्या धमनीच्या आजाराला एक. तुमच्या वडिलांचे तीन होतात. पुरुषांत दोन किंवा जास्त गुण असले की गुठळीविरोधी औषध द्यावं असं सर्वसाधारण मत आहे. गंमत म्हणजे हे अनियमित ठोके बहुधा इब्रुटिनिबनेच आणलेले. एलिव्हेट-आरआर या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इब्रुटिनिबवरच्या १६ टक्के रुग्णांना हा त्रास झाला, अकालाब्रुटिनिब या त्याच जातीच्या दुसऱ्या औषधावरच्या ९.४ टक्क्यांना. म्हणजे एकच औषध एका हाताने रक्तस्रावाचा धोका वाढवतं आणि दुसऱ्या हाताने रक्त पातळ करण्याची गरज निर्माण करतं. हा पेच आमच्यासमोर वरचेवर येतो.

उरलं ॲस्पिरिन. स्टेंट बसल्यावर पहिलं वर्ष प्लेटलेटवरच्या औषधांना परस्पर हात लावायचा नसतो. पण वर्ष उलटून गेलेलं, छातीत दुखणं नाही, आणि आता एएफसाठी अपिक्साबॅन द्यावंच लागतंय, अशा माणसात ॲस्पिरिनचा वेगळा फायदा फारसा उरत नाही. जपानमध्ये २०१९ साली अफायर नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. एएफ आणि स्थिर हृदयधमनी-आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांत एका गटाला फक्त रिव्हारोक्साबॅन दिलं, दुसऱ्याला त्यासोबत प्लेटलेटवरचं एक औषध. दोन औषधं घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून ती वेळेआधी थांबवावी लागली. यातल्या लोकांना ल्युकेमिया नव्हता. इब्रुटिनिब चालू असताना तर पारडं आणखीच एका बाजूला झुकतं. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांना नेमका हा प्रश्न विचारा: ‘स्टेंटला चार वर्षं झाली, अपिक्साबॅन चालू आहे, इब्रुटिनिबही प्लेटलेट बिघडवतं, तर ॲस्पिरिन काढता येईल का?’ स्टेंट मुख्य डाव्या धमनीत असेल किंवा अनेक स्टेंट असतील तर ते वेगळा विचार करतील. त्यांचा तो अधिकार.

इथे आपल्याकडचा एक खास घोळ होतो. ॲस्पिरिन बऱ्याचदा एकटं नसतंच. तुम्ही ‘कॅप्सूल’ म्हणालात, म्हणजे ती बहुधा इकोस्प्रिन-एव्ही किंवा तसलीच काहीतरी असणार: एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचं ॲटोर्व्हास्टॅटिन. गोल्ड लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेलसुद्धा असतं. डॉक्टर म्हणाले ‘ॲस्पिरिन बंद’ आणि घरी पत्ता लागत नाही की ते कशात आहे. किंवा उलटं होतं: अख्खी कॅप्सूल बंद केली जाते आणि स्टॅटिनही गळतं, जे स्टेंटवाल्या माणसाला आयुष्यभर हवं. म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचा, फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि ॲस्पिरिन निघालं तर त्याऐवजी नुसतं स्टॅटिन लिहून घ्या.

अपिक्साबॅनच्या मात्रेबद्दलही बोलायला हवं. नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ती अर्धी करायची तर तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक. आपल्याकडे ६० किलोच्या आतले ज्येष्ठ घरोघरी आहेत, पण नुसतं वजन कमी म्हणून मात्रा कमी करायची नसते. कॅन्सरचं औषध चालू आहे, भीती वाटते, म्हणून २.५ वर आणून ठेवलं, असं सर्रास दिसतं. त्यात रक्तस्रावाची धास्ती राहतेच, आणि पक्षाघातापासूनचं संरक्षण मात्र भरवशाचं राहत नाही. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या की मात्र सगळा हिशोब पुन्हा मांडायचा. २५ हजारांच्या खाली बहुतेकदा गुठळीविरोधी औषध थांबवलंच जातं.

अपिक्साबॅनच का, वॉर्फरिन का नाही? मॅन्टल सेल लिम्फोमा या दुसऱ्या कॅन्सरवरच्या, इब्रुटिनिबच्या सुरुवातीच्या चाचणीत काही रुग्णांना मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. ते पडले होते किंवा डोक्याला मार लागला होता, आणि सोबत ॲस्पिरिन किंवा वॉर्फरिन होतं. त्यानंतर वॉर्फरिनवर असलेल्यांना चाचण्यांत घेणंच थांबलं. युरोपच्या माहितीपत्रकात तर इब्रुटिनिबसोबत वॉर्फरिनच्या जातीचं औषध देऊ नये असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि आपल्याकडे खूप वापरलं जाणारं अ‍ॅसिट्रॉम त्याच जातीचं. पण कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना आणि सांधेवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना वॉर्फरिन-अ‍ॅसिट्रॉमला पर्याय नाही. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत सांधेवाताच्या हृदयरोगात वॉर्फरिनच्या जातीची औषधं रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली, आणि हा आजार आपल्याकडे अजून भरपूर आहे. अशा रुग्णाला सीएलएल निघाला तर मी झडपेच्या औषधाशी खेळत नाही, ल्युकेमियाचं औषध बदलतो. व्हेनेटोक्लॅक्स प्लेटलेटचं काम बिघडवत नाही. मात्र त्याने वॉर्फरिनची रक्तातली पातळी थोडी वाढते, म्हणून सुरुवातीला आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) वारंवार बघावा लागतो.

डॅबिगॅट्रान हे आणखी एक गुठळीविरोधी औषध मी इब्रुटिनिबसोबत टाळतो. आतड्यात औषधं बाहेर ढकलणारा जो पी-ग्लायकोप्रोटीन पंप असतो तो इब्रुटिनिबमुळे अडू शकतो आणि डॅबिगॅट्रान जास्त शोषलं जाऊ शकतं.

आता नजरेआड राहणारी औषधं. इब्रुटिनिब यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमवर तुटतं. ते एन्झाइम अडवलं की इब्रुटिनिबची पातळी किती वर जावी? केटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधासोबतच्या अभ्यासात शरीराचा इब्रुटिनिबशी एकूण संपर्क सुमारे २४ पट झाला. तुम्ही म्हणाल, केटोकोनाझोलच्या गोळ्या आता कोण घेतं? पण त्याचा जातभाई इट्राकोनाझोल गजकर्णासाठी आज गावोगाव लिहिला जातो, आणि मेडिकलवाले तो चिठ्ठीशिवायही देतात. तो इब्रुटिनिबही वाढवतो आणि अपिक्साबॅनही. खोकल्यासाठी दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन त्याच पंक्तीतलं. त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन या बाबतीत निवांत. ठोके आटोक्यात ठेवायला डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल दिलं असेल तर तेही इब्रुटिनिब वाढवतं. मेटोप्रोलॉल चालणार असेल तर बरं. खाण्यात ग्रेपफ्रूट टाळायचं, आणि कोकणातल्या मंडळींनी त्याच कुळातलं पपनसही. हळद-लसूण भाजी-आमटीत खुशाल घाला; त्यांच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र नकोत.

आणि वेदनाशामक. मला सगळ्यात जास्त भीती यांचीच. गुडघा दुखला की कॉम्बिफ्लाम, कंबर धरली की व्होव्हेरान. पहिल्यात आयबुप्रोफेन, दुसऱ्यात डायक्लोफेनॅक. दोन्ही प्लेटलेटही बिघडवतात आणि जठराचं अस्तरही. डोकं दुखतं म्हणून पाण्यात विरघळवून घेतलेली डिस्प्रिन म्हणजे तर ॲस्पिरिनच. गावाकडे ‘एक सुई टोचा डॉक्टर’ म्हणून घेतलेलं कमरेतलं इंजेक्शन आणखी वाईट: औषध डायक्लोफेनॅकचं, आणि सुई खोल स्नायूत गेलेली, जिथे आत साठणारं रक्त बाहेरून दिसत नाही. वडिलांना पॅरासिटामॉलच. ठरलेल्या मर्यादेत.

रक्तदाब घरी मोजा. इब्रुटिनिबने तो महिनोन्‌महिने हळूहळू चढत जातो, आणि चढलेला रक्तदाब आणि त्यात पातळ रक्त म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाला आमंत्रण. डागांची चिंता करणारे बरेच जण वर १६० वाचून ‘आज दगदग झाली’ म्हणून सोडून देतात.

डागांबद्दल. मनगटावर, दंडावर न दुखणारे, पसरट, आठ-दहा दिवसांत पिवळे पडून जाणारे डाग, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, दात घासताना थोडं रक्त. हे इब्रुटिनिबवर नेहमीचं आहे आणि त्यासाठी औषध थांबवत नाहीत. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही आणि डोक्यावर पाणी ओतत बसायचं नाही. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली, लघवी लाल आली, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. डोक्याला मार लागला असेल तर दिसायला काही नसलं तरी सीटी स्कॅन करून घ्या. म्हाताऱ्या माणसात आवरणाखालचा रक्तस्राव कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलतो: डोकं जड, झोप जास्त, बोलण्यात गोंधळ, एक पाय किंचित ओढला जाणं. ‘वय झालं’ म्हणून सोडलेली ही लक्षणं मी पाहिली आहेत. रुग्णालयात गेल्यावर पहिल्या वाक्यातच दोन्ही नावं सांगा, इब्रुटिनिब आणि अपिक्साबॅन, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला अपिक्साबॅन ठाऊक असतं. इब्रुटिनिब असेलच असं नाही, आणि मग प्लेटलेटचा आकडा बरा दिसतोय म्हणून प्लेटलेट द्यायचं राहून जातं.

इब्रुटिनिब बदलावं का, हेही रक्तविकारतज्ज्ञांना विचारा. एएफ सुरू झालं आणि गुठळीविरोधी औषध कायमचं लागणार असं दिसलं, तर मी स्वतः बहुतेकदा अकालाब्रुटिनिबकडे वळतो. रक्तस्राव त्यातही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच एलिव्हेट-आरआर चाचणीत कुठलाही रक्तस्राव ३८ टक्के विरुद्ध ५१ टक्के होता, पण मोठ्या रक्तस्रावाचा फरक नगण्य, ४.५ विरुद्ध ५.३. फायदा आहे तो मुख्यतः ठोके आणि रक्तदाब यांच्या बाबतीत. अकालाब्रुटिनिबची कॅप्सूल असेल तर पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी तिचं शोषण घटवते. नव्या टॅब्लेटमध्ये ही अडचण नाही.

हीच पँटोप्राझोलची गोष्ट सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरवाल्यांनाही लागू आहे, आणि आपल्याकडे सीएलएलपेक्षा ते जास्त. त्यांना दिलं जाणारं डासाटिनिब प्लेटलेटचं काम बिघडवतं, आतड्यातून रक्त जाण्याचा धोका त्यात ओळखीचा आहे. मग कुणी ॲस्पिरिन लावतं, आणि ‘पोटाला त्रास नको’ म्हणून सोबत सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल. त्याने डासाटिनिबच नीट शोषलं जात नाही आणि तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचा (आजार किती उरलाय ते सांगणारा) आकडा का उतरत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात. तिथे साधं अँटासिड, तेही दोन तासांचं अंतर ठेवून. सीएमएलच्याच इमॅटिनिबवर असलेल्याला वॉर्फरिनची गरज पडली तर त्याच्या माहितीपत्रकात हेपॅरिन वापरायला सांगितलं आहे, कारण इमॅटिनिब वॉर्फरिनचं यकृतातलं विघटन मंदावतं. त्याच आजारातल्या पोनाटिनिबचा मामला उलटा आहे. ते स्वतःच धमन्यांत गुठळ्या करतं, त्यामुळे तिथे ॲस्पिरिन पुष्कळदा विचारपूर्वक दिलेलं असतं; या उत्तरातलं वाचून ते काढू नका.

आता दाढ. पुढच्या आठवड्याची तारीख पुढे ढकला, दुखणं असह्य नसेल तर. इब्रुटिनिब छोट्या शस्त्रक्रियेआधी तीन दिवस आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी सात दिवस थांबवतात, आणि नंतरही तेवढेच. एकच दाढ सरळ निघणारी असेल तर तीन दिवस पुरतात. हाड कापून अक्कलदाढ काढायची असेल तर रक्तविकारतज्ज्ञ जास्त सांगतील. एवढ्या खंडाने सीएलएल बिथरत नाही, पण परस्पर लांबवलेल्या खंडाने काही जणांत गाठी पुन्हा वाढतात, म्हणून परत कधी सुरू करायचं तो दिवस आधीच लिहून घ्या. अपिक्साबॅनची एखादी मात्रा चुकवायची का, ते हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य मिळून ठरवतील. एका दाढेसाठी ते अनेक दिवस बंद ठेवायचं कारण नसतं. आठवडाभर आधी सीबीसी करा. सकाळची वेळ घ्या, शक्यतो सोमवार-मंगळवार, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दवाखाना उघडा असतो. दंतवैद्यांना टाका घालायला आणि रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या पाण्याने चूळ द्यायला सांगा. ती चूळ जोरात खुळखुळवायची नाही, तोंडात धरून अलगद सोडायची. आणि जाताना हातात ठेवलेल्या चिठ्ठीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आहे का, ते खुर्चीवरून उठण्याआधीच वाचा.